मुकादमाची नस

पडद्यावर हमालांच्या टोळीचे मुकादम अण्णाप्पा मगदूम यांच्या कमरेतली, दोन मणक्यांमधली गादी दिसत होती. धडधाकट गादीच्या गाभ्यात नस नसते. पण यांच्या गादीला तडा गेला होता, आणि तड्यातून नसांचे तंतू आत वाढले होते. तेच दुखत होते. तीन इंजेक्शनांनी ते माघारी वळले होते. एकच तंतू उरला होता.

"आज तोही घालवू, मामा," डॉ. नीलोफर मुजावर म्हणाल्या. "तुमच्या टोळीतल्या अकराही जणांचं झालंय."

"म्हणूनच माझा राहू द्या, मॅडम. टोळीत कुणी कमरेला हात लावला की सगळ्यांनी पोती उतरवून बसायचं, ही आमची रीत. आता कुणाचं दुखतच नाही, म्हणून कुणी बसत नाही. आत फाटलं तरी पोरांना कळायचं नाही."

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम हळदीच्या बाजारात गेल्या. विसाव्या पोत्याला अण्णाप्पांचा हात कमरेवर गेला. काही न विचारता अकरा माणसं पोती उतरवून सावलीत बसली.