चिंचेच्या दोन गोळ्या

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण आनिबाल पालेन्सियाने तीस वर्षांत एकच खोटं वाक्य छापलं, आणि नेमक्या त्याच वाक्यावर बोट ठेवून एक बाई आत्ता त्याच्या टेबलापुढे उभी होती. आणि हे आमच्या पुएर्तो आल्मेन्द्रोत. इथे नदीत धरलेला मासा घरी पोचेपर्यंत त्याची मगर झालेली असते. अशा गावात राहून, वर पेपरात नोकरी करून, तीस वर्षांत एक.

"डॉक्टर," बाई म्हणाली. शिकलेल्या माणसाला इथे डॉक्टरच म्हणतात. "तुम्ही लिहिलंय, माझ्या नेफ्तालीच्या शर्टाच्या खिशात चिंचेच्या दोन गोळ्या होत्या. आईसाठी घेतलेल्या. त्या मला द्या."

या बाईचा, दोन्या ओरिस्तेलाचा (वयाने मोठ्या बाईला इथे मानाने दोन्या म्हणतात), मुलगा धक्क्यावर हमाल होता. महिन्यापूर्वी गाळ काढणाऱ्या बोटीचा तारेचा दोर तुटला आणि त्याच्या छातीवर बसला. आनिबालने त्यावर रविवारचं अख्खं पान लिहिलं. त्यासाठी अकरा दिवस धक्क्यावर काढले. तीन हमालांना वेगवेगळं गाठलं, दवाखान्यातल्या सिस्टरला दोनदा विचारलं. चौघांनी एकच सांगितलं. पोरगा जमिनीवर पडायच्या आधीच गेला होता. ते त्याने तसंच लिहिलं. शेवट मात्र कोरडा वाटत होता. म्हणून गोळ्या.

"दोन्या, आता महिना झाला," तो म्हणाला. "अशा वस्तू कुठे राहतात?"

"बघा तरी. आणि ते दुसरं, तो पडायच्या आधीच गेला म्हणून लिहिलंय ते. त्या रविवारी मी पहिल्यांदा झोपले. तोवर डोळे मिटले की मला हाका मारायचा. ते खरंय ना?"

"अक्षर न् अक्षर खरं."

"आणि गोळ्या?"

इथे त्याला एक शब्द बोलता आला असता. पण बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. पोलिसांकडे असतील, उद्या सकाळी या, असं तो बोलून गेला.

चौकात आदेल्फाच्या गाडीवर जाऊन त्याने विचारलं, महिन्याभराच्या शिळ्या गोळ्या आहेत का.

"माझ्याकडे तासाभराचंही शिळं नसतं," आदेल्फा म्हणाली. "शिळं पाहिजे तर तुमचा पेपर घ्या."

त्याने ताज्याच घेतल्या. पत्र्यावर टाकून उन्हात वाळवल्या. धुळीत लोळवल्या. स्वतःच्या खिशातला कचरा काढून त्यांना चिकटवला. अकरा दिवसांत गाळला नसेल एवढा घाम त्याने त्या एका दुपारी गाळला.

सकाळी दोन्या ओरिस्तेला आली ती केस नीट विंचरून, काळा झगा घालून, चर्चला जावं तशी. त्याने कागदाची पुडी पुढे केली. तिने गोळ्या तळहातावर घेतल्या. हुंगल्या.

"त्याच्या खिशातल्याच?"

"त्याच्याच. हवालदाराने स्वतः काढून दिल्या."

मग गोळ्या तिने परत पुडीत बांधल्या आणि पुडी टेबलावर त्याच्या बाजूला सरकवली.

"तो शर्ट मी शिवलेला, डॉक्टर. कापड कमी पडलं. खिसा लावलाच नव्हता मी त्याला. काल वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, बाई, तेवढं माझं चुकलं."

आनिबाल धडपडत उठला. कपाटातली वही त्याने ओढून काढली, पान शोधलं, तिच्यापुढे धरलं. तिन्ही हमालांची नावं, सिस्टरचं नाव, तारखा, प्रत्येकाचे शब्द.

"हे बघा, दोन्या. हे तिघं तिथे होते, सिस्टरने त्याला तपासलं. या चौघांनी..."

"वहीतही अक्षर तुमचंच," ती म्हणाली. तिने वहीकडे पाहिलंही नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती सरळ बसली. "आता खरं सांगा. किती वेळ ओरडत होता तो?"