आधी खिसे

“थांब. असं नसतं ते,” आई म्हणाली.

लेकीनं पुस्तकातून मान वर काढली. आईच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा समोरच्या भिंतीकडे. मोतीबिंदू काढून चार दिवस झाले होते. लेक ग्रंथालयातल्या नोकरीवरून रजा टाकून तिच्यापाशी राहिली होती. दुपार सरता सरत नाही म्हणून वाचन सुरू केलेलं. येताना कपाटातून हाताला लागले ते फिनिश कादंबऱ्यांचे अनुवाद तिनं उचलून आणले होते, युद्धात मागे राहिलेल्या बायकांच्या गोष्टी. पहिल्या दोन आईनं नाक मुरडत ऐकल्या. “थंडी फार, आणि बायका उठसूट रडतात,” एवढाच तिचा शेरा.

ही तिसरी. तिच्यातली बाई आघाडीमागच्या एका शेडमध्ये कामाला लागली होती. मेलेल्या शिपायांना घरी पाठवण्याआधी धुवायचं काम. तिनं पाणी तापवलं, फडकं पिळलं आणि एका पोराचा चेहरा पुसायला घेतला, इथवर लेक आली होती.

“कसं नसतं?”

“चेहरा आधी घेत नाहीत. आधी खिसे. चिठ्ठी असते, फोटो असतो. भिजला की गेला. मग बूट. ते ओढून निघत नाहीत, कात्रीनं कापायचे. चेहरा शेवटी.” कांदा कसा चिरायचा ते सांगावं तसं आई सांगत होती. “आणि केस नीट विंचरायचे. पोरांच्या आया आधी केसच बघतात.”

लेकीनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

“तू तर लष्करी इस्पितळात कपडे धुवायला होतीस ना?”

“होतेच की. धूतच होते.”

लहानपणी लेकीला न्हाऊ घालायची ती मावशी. आईनं एकदाही तिच्या अंगावर पाणी ओतलं नव्हतं. ताप चढला की अंग पुसायलासुद्धा शेजारणीला हाक जायची. आईला आपण नकोशा होतो, असं तिनं पन्नाशी उलटेपर्यंत मनात धरून ठेवलं होतं. आता ते धरून ठेवायचं कारण उरलं नव्हतं, तरी मोकळं वाटेना.

“मला का नाही गं सांगितलंस?”

“चार वर्षांची होतीस तू. ओले केस कपाळाला चिकटले, की तू…” आईनं वाक्य तिथंच सोडलं. दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले.

“आणि बाबांना?”

“ते लढाईवरून परत आले तेच अर्धे. त्यांना त्यांचं पुरे होतं.”

बाहेर कुणीतरी जिना उतरत गेलं. लेकीनं मांडीवरचं पुस्तक सुलटं केलं.

“पुढे बघ जरा,” आई म्हणाली. “ही बाई कुणाला सांगते का?”

शेवट आधी वाचणाऱ्यांचा लेकीला मनापासून राग यायचा. तिनं पानं भराभर उलटली, शेवटच्या पानावर नजर फिरवली, पुन्हा दोन पानं मागे गेली.

“नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. तशीच जाते.”

आईनं हात बाहेर काढला, चाचपडत पुस्तक शोधलं आणि उघड्या पानावर तळवा ठेवला.

“मग हे लिहिलं कुणी?”