देवराईचं दालन

शहरातल्या हिरव्या जागांवर संग्रहालयात प्रदर्शन भरणार होतं. महाळुंग्याच्या देवराईचं दालन कॉलेजातल्या तनुजा आणि ज्ञानेशकडे आलं होतं. दोघं जुन्या वडाचा घेर मोजत असताना देवराईत जेसीबी घुसला. मागोमाग गाडीतून पाच-सहा जण उतरले.

"टेप गुंडाळा. हितं गोडाऊन व्हनार हाय," पुढचा माणूस म्हणाला.

"देवराई गावाची आहे," असं म्हणत ज्ञानेशने शूटिंग करायला मोबाईल वर धरला.

त्या माणसाने लोखंडी गज फिरवला. पहिल्या फटक्यात मोबाईल उडाला, दुसऱ्यात मनगट मोडलं. खाली पडलेल्या ज्ञानेशला बाकीच्यांनी लाथांनी तुडवलं. त्याच्या तोंडातून रक्त आलं तरी कोणी थांबेना. तनुजा किंचाळत त्याच्या अंगावर आडवी पडली. वर उगारलेला गज हवेतच थांबला.

"घरी जा," तो माणूस दातओठ खात म्हणाला.

ती घरी गेली नाही. ज्ञानेशला दवाखान्यात पोचवून रक्ताळलेल्या कपड्यांनिशी ती पोलीस चौकीत गेली.

"पूर्ण नाव?" हवालदाराने विचारलं.

"तनुजा दादासाहेब बोत्रे."

"मारणाऱ्याला ओळखता?"

"हो. दादासाहेब बोत्रे."

हवालदाराने लिहिता लिहिता मान वर केली. "ताई, वडिलांचं नाव झालं लिहून. मी मारणाऱ्याचं विचारतोय."

"तेच सांगतेय," तनुजा म्हणाली. "लिहा."