नीलासची खूण

बालवाडीत आज कानावरची खूण शिकवायची होती. उत्तरेत रेनडिअर पाळणाऱ्या आम्हा सामी लोकांत प्रत्येक मुलाची खूण वेगळी. रेनडिअरच्या पाडसाच्या कानात ती कापली, की पाडस त्याचं. मुलांना लोकरी कापडाचे कान, कात्र्या दिल्या. “बाई, इंगा चुकली! तिची खूण अशी नाहीये,” अंते ओरडला. इंगा माझ्या दिराची मुलगी. तिच्या हातातला कान मी घेतला. टोक उडवलेलं, मागे दोन खाचा. ही माझ्या मुलाची, नीलासची खूण. गेल्या वसंतात तो स्नोस्कूटरसकट तळ्याच्या बर्फाखाली गेला, तेव्हापासून ती कोणी कापली नव्हती. “काकांनी दिली मला,” इंगा पुटपुटली. काका म्हणजे माझा नवरा. “म्हणाले, काकूला इतक्यात सांगू नकोस.” मुलं माझ्याकडे बघत होती. मी कान तिला परत दिला. “खालची खाच उथळ झालीय. कळपात ओळखू कशी येणार?” तिच्या बोटांवर बोटं ठेवून मी कात्री दाबली.