दंड माफ

जिज्ञासाचे दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत होते, म्हणून तिचा मोबाईल कल्पेशकडे होता. मोरिवलीतल्या घराच्या पडवीत रविवारचं पाणी बदलणं चाललं होतं. ती नळीने तळाचा गाळ ओढून बादलीत सोडत होती आणि तो ग्रुपवरचे मेसेज वाचून दाखवत होता. 'फिशटँक परिवार' हा ग्रुप तिने काढलेला. कल्पेश तिचा मोठा भाऊ, पण ग्रुपवर दोन नंबरचा अॅडमिन.

"लालवाणी अंकल विचारतायत, बारवी धरणाचं पाणी उद्या बंद आहे काय?"

"राहू दे. पाणी नसेल तर टाकी कशी बदलणार? विषयाला धरून आहे."

"त्याखाली सुजितने नगरसेवकाचा उद्धार केलाय."

"तो काढ, दादा."

कल्पेशने काढला. ग्रुपवर तिचा शब्द चालायचा. उल्हासनगरच्या कॅम्पांतले दुकानदार, अंबरनाथच्या कारखान्यांतले कामगार, बदलापूरचे पेन्शनर, सगळे ऐकायचे. शिवीगाळ असली की मेसेज सरळ काढायचा; माशांखेरीज दुसरं काही टाकलं की दंड, आणि दंडही ठरलेला. येत्या रविवारी ज्याला हवं त्याने बरणी घेऊन चुकणाऱ्याच्या घरी जायचं. त्याने आपल्या टाकीतली पिल्लं द्यायची, वर चहा पाजायचा. मागच्या खेपेला लालवाणी अंकलनी दुकानाच्या सेलची जाहिरात टाकली होती. अर्धा ग्रुप त्यांच्याकडे दाल पकवान खाऊन आला आणि पुढे दोन दिवस तिथलेच फोटो.

"हिंदुराव," कल्पेश म्हणाला. "परत."

"बेलवलीचे काका? आता काय?"

"गुडघेदुखीवर निर्गुडीचा पाला."

हिंदुराव ग्रुपवर कधी बोलत नसत. परवा मात्र एकदम गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. जिज्ञासाने तेव्हा लिहिलं होतं: काका ज्येष्ठ आहेत, दंड माफ.

"आत्ताही माफ कर," ती म्हणाली. "वय झालंय. बोट लागलं असेल चुकून."

कल्पेशने तसं लिहिलं. उत्तर लगेच आलं. त्याने ते मोठ्याने वाचलं.

"'नियम सर्वांस सारखा असावा, ही विनंती.'" त्याने मान वर केली. "म्हातारा भांडतोय काय ग? माफी दिली तर थँक्यू बोलायचं सोडून आपल्यालाच शिकवतोय."

जिज्ञासाने नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं. बादलीत पडणारी धार थांबली.

"अजून कोणी काही बोललं?"

"सुजित. त्याला तर चान्सच पाहिजे. 'माझा मेसेज काढला, काकांचा का नाही? अॅडमिनबाईंचे पाव्हणे लागतात काय?' खाली सहा-सात जण हसलेत."

"हसू दे."

"हसू दे काय? आज हसतील, उद्या कोणी ऐकणार नाही तुझं. तिसऱ्यांदा टाकलं की डायरेक्ट बाहेर. नियम तुझाच आहे, जिज्ञा."

नियम तिचाच होता. अंगठा काढून तिने धार पुन्हा सोडली. एक गप्पी नळीच्या तोंडाशी येऊन वळला.

"घे," कल्पेश म्हणाला. "टाकलं त्यांनी तिसरं."

"काय टाकलंय?"

"कप."

"कसले कप?"

"चहाचे. स्वयंपाकघराचा ओटा आहे, त्यावर टॉवेल, त्यावर कप पालथे घातलेत. धुऊन. लिहिलंय काहीच नाही. यात मासा कुठाय, सांग." त्याचं बोट हिंदुरावांच्या नावावर गेलं. "काढतो. सुजितचं पण तोंड बंद होईल."

"थांब."

तिने हात बाहेर काढले, कुर्त्याला पुसले न पुसले आणि मोबाईल घेतला. बोटांनी फोटो मोठा केला. कप पुष्कळ होते. दोन-तीन जुने, कान उडालेले. बाकीचे सगळे एकसारखे, निळ्या काठाचे. त्यांच्यातल्या काहींच्या बुडाला दुकानाचं स्टिकर अजून तसंच होतं.

फोटोवर पाण्याचे दोन थेंब पडले. ते तिने मनगटाने पुसले.

"माफ केलेलं मोजायचं नाही," मोबाईल त्याला परत देत ती म्हणाली. "हा पहिलाच."

"असं कुठे लिहिलंय?"

"आता लिही. आणि पुढे लिही: 'विषयांतर. माफी नाही. दंड आजच, संध्याकाळी पाचला, बेलवलीला. बरण्या आणाव्यात.'"

"आजच? कोणी येईल काय इतक्या घाईत?"

"तू येतोस. मी येते. लिही."

कल्पेशने लिहिलं. पहिले लालवाणी अंकल आले: "मैं आ रहा हूँ, पापड मेरी तरफ से." मग अंबरनाथच्या नूतनताई, मग आणखी दोघं. सुजितने लिहिलं, "आता कसं बरोबर," आणि पाठोपाठ पत्ता विचारला.

हिंदुरावांच्या नावाखाली ते टाइप करत असल्याचं दिसलं. ते थांबलं. पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. जिज्ञासा आणि कल्पेश दोघंही वाकून बघत राहिले.

"आलं," कल्पेश म्हणाला. "'दंड मान्य आहे. बिनसाखरेचा कोणाकोणास लागतो ते कळवावे.'" त्याने एक क्षण वाट पाहिली. "हे पण माशांचं नाही."

"नाहीच," जिज्ञासा म्हणाली आणि हात पुन्हा पाण्यात घातले. "पुढचा रविवारही लाव."