रहिवासाचा पुरावा

सकाळी दहाला टाउन हॉलमध्ये सुनावणी सुरू झाली. कौन्सिलचा उमेदवार वॉर्डात वर्षभर राहिलेला हवा. मोरेश्वरकाका दुसऱ्या गावात मुलाकडेच राहतात, अशी तक्रार होती. ती टिकली तर उमेदवारी रद्द. बायको गेल्यावर काकांनी वॉर्डात फ्लॅट घेतला होता. साक्षीला मुलगा, कुश, उभा राहिला. “डॅड आमच्याकडे राहत नाहीत,” तो ठामपणे म्हणाला. काकांना हायसं वाटलं, थोडं लागलंही. “त्यांचा फ्लॅट पाहिलाय?” तक्रारदाराच्या वकिलाने विचारलं. “नाही. दर रविवारी तेच येतात.” वकील काकांकडे वळला. “तिथे तुमच्याकडे कुणी येतं?” काकांनी आठवून पाहिलं. “हीटर दुरुस्त करणारा आला होता.” हशा पिकला. निकाल शुक्रवारवर गेला. बाहेर कुशने गाडी आणली. “सॉरी, डॅड. चला, घरी ड्रॉप करतो.” काका बसले. कुशने फोन पुढे केला. “अ‍ॅड्रेस टाका ना.”