खोक्यातला वर्ग

(बारा फोटोंचा एक रोल. मार्च १९९४.)

फोटो १ आणि २

भारतीनं खोक्याला डोळे लावले आणि लगेच मागं घेतले.

"काय दिसलं?" तिच्या बापानं, प्रशांतनं विचारलं.

"सगळी."

बुटाचं खोकं. पुढं दोन भिंगं, घड्याळवाल्याकडून मागून आणलेली. आत शेजारी शेजारी दोन फोटो, दोन्ही तिच्याच तिसरीच्या वर्गाचे. एक काढल्यावर कॅमेरा अडीच इंच सरकवून दुसरा काढलेला, मग अंधाऱ्या खोलीत रोलचा तेवढाच तुकडा कापून धुतलेला. भिंगांतून बघितलं की दोन्ही एकात एक मिसळायचे आणि वर्ग खोल व्हायचा. पुढची पोरं पुढं, मागची मागं. हात घातला तर एखाद्याची टोपी हाताला लागेल, असं वाटायचं.

भारती घरात दिवसभर बडबडायची. शाळेच्या दारात पाऊल टाकलं की तिची वाचा बसायची. तीन वर्षांत गुरुजींनी तिचा आवाज ऐकला नव्हता. सोमवारी पाढ्यांची तोंडी परीक्षा होती. "प्रशांतराव," गुरुजी म्हणाले होते, वाईट मनानं नव्हे, काळजीनं, "याही वेळी बोलली नाही तर नगरच्या मुक्या मुलांच्या शाळेत घाला तिला. तिथं राहायची सोय आहे."

प्रशांतनं ठरवलं, वर्गच आधी घरी आणायचा. बेलापुरात त्याचा स्टुडिओ होता. फोटो काढण्यापलीकडं त्याला काही येत नव्हतं.

"पुन्हा बघ. ती काय खरी हायेत का?"

तिनं बघितलं. फ्रॉकची कड हळूहळू तिच्या मुठीत गेली.

"पप्पा, ती माझ्याकडंच बघत्यात."

फोटो ३ ते १०

पासपोर्ट साइज. आठ माणसं. सात जणांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आठव्या बनुबाई. पेन्शनच्या अर्जाला फोटो हवा होता. स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला, मान खाली घातली.

"आजी, इकडं बघा. भिंगात. पापणी हलवू नका."

"मी न्हाई बघायची."

"का?"

"तुझा त्यो डबा टक लावून बघतोय माझ्याकडं. नवऱ्यानं बी कवा असं बघितलं न्हाई."

प्रशांत हसला. मग त्याचं हसू अर्ध्यात थांबलं.

वर्गाचा फोटो काढतानाही तो हेच म्हणाला होता. इकडं बघा, पापणी हलवू नका. पंधरा वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं. बेचाळीस पोरांनी गुमान भिंगात बघितलं होतं. आता ती बेचाळीस पोरं खोक्यात बसून त्याच्या पोरीकडं टक लावून बघत होती, आणि एकाचीही पापणी हलत नव्हती.

असा वर्ग जगात कुठं भरतो?

बनुबाईंचा फोटो खाली बघतानाच आला.

फोटो ११ आणि १२

शनिवारी सकाळच्या शाळेत तो पुन्हा गेला. कॅमेरा फळ्यापाशी लावला, जिथं उभं राहून पाढे म्हणायचे तिथंच.

"माझ्याकडं कुणी बघायचं न्हाई," तो पोरांना म्हणाला. असं तो आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगत होता.

पोरं आधी खिदळली, मग कंटाळली. भारती तेवढी पुढच्या पोरीच्या आड लपून राहिली. पोरं पुरती कंटाळल्यावर त्यानं एक फोटो काढला, कॅमेरा सरकवला, दुसरा काढला.

दुपारी धुऊन बघितलं तर वाल्मिक हलला होता. एका फोटोत त्याचा हात डोक्यात, दुसऱ्यात नाकात. हलला म्हणजे फोटो वाया. पण रोल संपला होता, आणि शाळा आता सोमवारीच उघडणार होती.

रोल संपल्यावर

रविवारी सकाळी स्टुडिओच्या दारातल्या उन्हात त्यानं भारतीपुढं खोकं धरलं.

"यात एक जण बिघडलाय," तो म्हणाला. "त्याच्याकडं बघू नको."

तिनं डोळे लावले. प्रशांत तिच्या मुठीकडं बघत होता. मूठ सैलच होती.

"राजेश्वरी खिडकीतून बाहेर बघती."

"व्हय."

"ह्या दोघी भांडत्यात."

"भांडू दे."

मग ती फिसकन हसली. "पप्पा, वाल्मिक हलतोय."

"त्योच बिघडलेला."

"बिघडला न्हाई. नाकात बोट घालावं का डोकं खाजवावं, त्येच त्याला कळंना."

डावा डोळा म्हणत होता हात डोक्यात, उजवा म्हणत होता नाकात. दोघांच्या भांडणात वाल्मिकचा हात जिवंत झाला होता.

भारतीनं डोळे काढले नाहीत. तशीच, खोक्यात तोंड ठेवून तिनं विचारलं, "उद्या सगळी अशीच हलतील?"

न्हाई, असं सांगावं, असं त्याच्या फार मनात आलं.

"हलतील," तो म्हणाला. "एखादं हसंल बी. दोन-चार जण तुझ्याकडं बघतील बी."

तिनं तोंड खोक्यावर आणखी दाबलं. बोललो ते चुकलं, असं त्याला वाटायला लागलं.

"वाल्मिक न्हाई बघायचा," ती शेवटी म्हणाली. "त्याला येळ कुठाय."

मग तिनं घसा खाकरला. आवाज बारीक निघाला. घरातला नव्हता हा आवाज. शाळेतला होता का, हे सांगायला तो कधी कुणी ऐकलाच नव्हता.

"वाल्मिक, ऐक," ती म्हणाली. "सात एके सात."

खोकं धरून धरून प्रशांतचा हात भरून आला होता. सात दाहे सत्तरपर्यंत त्यानं तो हलू दिला नाही.